नागपुरात फेब्रुवारीच्या शेवटी झाडं-झुडपं लावावी का? आधी खड्ड्यात पाणी टाकून पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नागपुरात बेसाकडे नवीन घर झालं, जमीन मुळची काळी आहे पण बिल्डरनं वरून फूटभर मुरूम टाकलाय, कंपाउंडच्या कडेनं हेज (झुडपांचं कुंपण) लावायची आहे, दोन-तीन झाडं लावायची आहेत आणि त्यात एक संत्र्याचं पाहिजेच. शिवाय जुन्या भाड्याच्या घरचा मोगरा आणि पारिजातक सोबत आणायचा आहे कारण मार्चअखेर ते घर सोडायचं आहे. व्हिडिओत सगळे सांगून राहिले की स्प्रिंगची सुरुवात हा लागवडीचा बेस्ट टाइम, नर्सरीवाला म्हणतो आत्ताच घेऊन जा, आणि शेजारचे काका म्हणतात मृग लागल्याशिवाय मातीला हात लावू नका. तर ऐकायचं कोणाचं?

माझी स्वतःची नर्सरी आहे आणि घरांचे, फार्महाऊसचे बगीचे लावून देण्याची कामं घेतो, त्यामुळे हा प्रश्न दर वर्षी थंडी सरली की येतोच. माझं उत्तर असं आहे की हेजची झुडपं आत्ता लावता येतील पण काही अटी पाळल्या तरच, झाडं आत्ता लावू नका पण त्यांचं काम मात्र आत्ताच सुरू करा, मोगरा बिनधास्त आणा, पारिजातकाचं जरा अवघड आहे. आता हे असं का ते सविस्तर सांगतो, कारण कारण कळलं की तुमच्या जागेवर काय बदलायचं ते तुम्हालाच ठरवता येते.

ते व्हिडिओवाले चुकीचं सांगत नाहीत, ते त्यांच्या गावचं सांगतात. जिथे बर्फ पडतो तिथे हिवाळ्यात जमीन गोठलेली असते, झाड पानं गाळून झोपलेलं असते. बर्फ वितळला की माती ओली असते, हवा गार असते, आणि कळ्या फुटायच्या आधी झाड जमिनीत गेलं तर मुळांना पुढचे कितीतरी महिने सौम्य हवामान मिळते. म्हणजे त्यांच्या वसंतानंतर येतो तो नरम उन्हाळा. आपल्या वसंतानंतर काय येते ते तुम्हाला सांगायला नको. होळी झाली की हवा कोरडी पडते, एप्रिलमध्ये पारा ४० च्या वर जातो, मे मध्ये ४५ गाठणं नागपूरला नवीन नाही, आणि २५ मेच्या आसपास नवतपा (सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागला की भरदुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो. म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी लावलेल्या रोपाला आधी उन्हाळ्याचे साडेतीन महिने काढायचे आहेत आणि मग कुठे पाऊस पाहायला मिळणार.

इथे लोकांची एक गफलत होते. आत्ता पळस फुलला आहे, कडुनिंबाची पानं गळून कोवळी लालसर पालवी फुटून राहिली, पिंपळ चमकतो आहे, हे पाहून वाटते की निसर्गच लागवडीचा सिग्नल देत आहे. पण त्या झाडांची मुळं खूप खोल गेलेली आहेत, वरची माती भाजून निघाली तरी खालची ओल त्यांना मिळते. पन्नीतल्या (प्लास्टिकच्या पिशवीतल्या) रोपाची सगळी मुळं त्या आठ-दहा इंचाच्या मातीच्या गोळ्यातच असतात. तो गोळा मे मधल्या एका दुपारी पूर्ण सुकू शकतो. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न महिना कोणता हा नाहीच, रोपाची मुळं गोळ्यातून निघून तुमच्या जमिनीत शिरायला उन्हाआधी वेळ आहे का, आणि तोवर त्याला पाणी कोण देणार, हा आहे. झुडपांना मुळं पसरायला माझ्या अनुभवात दीड-दोन महिने लागतात, मोठ्या झाडाच्या रोपाला त्याहून बरेच जास्त. आज लावलं तर कडक ऊन सुरू होईपर्यंत तुमच्याकडे सहा-सात आठवडे आहेत. झुडपांचं कसंतरी जमते, झाडांचं जमत नाही, इतकं साधं गणित आहे.

यात परिस्थितीनुसार फरक पडतो हे मान्य. घरात रोज कोणी असेल, बोअरला मे मध्ये पाणी राहत असेल, जागेला दुपारनंतर शेजारच्या बिल्डिंगची सावली मिळत असेल, तर मी आत्ता सुद्धा बरंच काही लावून देतो. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-तीन आठवडे घर बंद ठेवून गावाला जाणार असाल तर आत्ता काहीच लावू नका. ठिबक लावून टायमर बसवला तरी मे मध्ये एखादी नळी निघाली किंवा लाइट गेली तर दोन दिवसांत खेळ संपतो. हे आधी घरात बसून ठरवा, नर्सरीत नंतर जा.

आता खड्डा. यावर मी जास्त बोलणार आहे कारण नागपूरच्या नवीन लेआउटमधली बहुतेक झाडं उन्हानं जात नाहीत, खड्ड्यानं जातात. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसून भेगा पडतात. तिच्यातून पाणी फार हळू खाली जाते. त्यावर तुमच्याकडे रोलर फिरवून दाबलेला मुरूम आहे. अशा जमिनीत सब्बल (पहार) किंवा जेसीबीनं खड्डा घेतला की त्याच्या भिंती गुळगुळीत होतात, ओलसर असताना घेतला तर अक्षरशः चकाकतात. मग आपण काय करतो, बाहेरून छान भुसभुशीत लाल माती आणि खत आणून तो भरतो. पहिल्या मोठ्या पावसात आजूबाजूचं पाणी त्या मऊ मातीत उतरते, बाजूच्या चिकण भिंतीतून बाहेर जाऊ शकत नाही, आणि मुळं त्यात बुडून बसतात. जुलैत पानं पिवळी पडतात, लोकांना वाटते खत कमी पडलं, ते अजून खत टाकतात, आणि ऑगस्टपर्यंत झाड जाते.

म्हणून एक टेस्ट करा, खर्च काही नाही. जिथे झाड लावायचं तिथे दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या. त्यात संध्याकाळी काठोकाठ पाणी भरा. आत्ता जमीन कोरडी आहे, काळ्या मातीत भेगा असतील, तर पहिलं पाणी भराभर उतरून जाईल आणि तुम्हाला वाटेल वा, निचरा मस्त आहे. त्यावर विश्वास ठेवू नका. ते पाणी भेगांतून गेलं आहे. दुसऱ्या दिवशी परत भरा. आता माती फुगून भेगा बंद झालेल्या असतात आणि हा दुसरा भराव खरं सांगतो. या दुसऱ्या भरावानंतरच्या सकाळपर्यंत खड्डा रिकामा झाला तर जवळपास काहीही लावा. तळाशी चार-सहा इंच उरलं तर करंज, जांभूळ असं काटक झाड लावा आणि थोडं उंचावर लावा. अर्धा खड्डा तसाच भरलेला असेल तर तिथे खड्ड्यात झाड लावूच नका, जमिनीवर फूट-दीड फुटाचा मातीचा पसरट उंचवटा करून त्यावर लावा, आणि पावसाचं पाणी बाजूनं वाहून जाईल असा चर काढा.

खड्ड्याच्या भिंती फावड्याच्या टोकानं खरवडून खडबडीत करा, कोपऱ्यात सब्बल मारून खाली-बाजूला भोकं पाडा. वरचा मुरूमाचा थर आणि खालची काळी माती वेगळी ठेवा. भरताना तुमचीच काळी माती जास्त, त्यात थोडा मुरूम आणि घमेलंभर चांगलं कुजलेलं शेणखत, ओंजळ-दोन ओंजळ निंबोळी ढेप, बस. मुरूम थोडा मिसळला तर फायदाच होतो. काही जण काळ्या मातीत दोन घमेली बारीक रेती टाकतात, त्यानं काही होत नाही, थोड्या रेतीनं ती माती उलट जास्त घट्ट बसते. कच्चं शेण अजिबात टाकू नका, उधई (वाळवी) आणि मुळं खाणारी हुमणी दोन्ही येतात. लावताना युरिया नको.

झाडांसाठी हे खड्डे आता मार्च-एप्रिलमध्ये घेऊन उघडे तापू द्या. आपल्याकडे संत्र्याच्या बागायतदारांची ही जुनीच पद्धत आहे, एप्रिल-मे चं ऊन खड्ड्यात पडलं की किडींची अंडी, कोष, बुरशी बरीचशी मरते आणि भिंतीही तडकून मोकळ्या होतात. मे च्या शेवटी भरून टाका, जमिनीपेक्षा चार-पाच इंच वर उंच भरा कारण माती बसते. मग एक-दोन दमदार पाऊस होऊन माती खालपर्यंत ओली झाली की झाड लावा. मृगाच्या पहिल्या सरीलाच घाई करू नका, कधी कधी त्यानंतर आठ-पंधरा दिवस पाऊस ओढ देतो आणि परत ३९-४० चं ऊन पडते. शेजारचे काका या बाबतीत बरोबर आहेत, फक्त मृगाच्या तारखेपेक्षा मातीतली ओल पाहा. हात कोपरापर्यंत जाईल इतकं उकरून पाहिलं आणि तिथेही ओल लागली की समजा वेळ आली.

पाणी साचणाऱ्या जागेत आणि नाजूक झाडांसाठी मला स्वतःला पोळ्यानंतरचा काळ आवडतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक निघून गेली की पावसाचा जोर साधारण उतरतो, जमीन खोलवर भिजलेली असते, ऊन कडक नसते, आणि पुढे थंडी धरून मे पर्यंत मुळांना सात-आठ महिने मिळतात. स्प्रिंगचं म्हणून ते व्हिडिओवाले जे जे फायदे सांगतात ना, ओली माती, गार हवा, पुढे लांब सौम्य काळ, ते सगळे नागपुरात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मिळतात. लोक तेव्हा रोपं घेत नाहीत, जुलैत सगळी झुंबड उडते, पण तुम्ही मला विचाराल तर बागेचं खरं कॅलेंडर आपल्याकडे तिथून सुरू होते.

आता हेजकडे येऊ, जी तुम्हाला आत्ता लावायची आहे. आत्ता चालतील अशी झुडपं म्हणजे बोगनवेल, कण्हेर, टगर, मेंदी, कामिनी, करवंद. यातली बोगनवेल, कण्हेर आणि करवंद उन्हाला सगळ्यात काटक. कण्हेराचा पाला-चीक विषारी असतो, घरात लहान मूल असेल किंवा गेटवर गाई तोंड घालत असतील तर टाळा. कामिनीची हेज सगळ्यात देखणी होते, पांढऱ्या फुलांचा वास पूर्ण अंगणात जातो, पण पश्चिमेच्या भिंतीला आत्ता लावली तर पानं भाजतात, ती पूर्व-उत्तरेला लावा. जास्वंद आणि एक्झोरा आत्ता नको, पावसात लावा. रोपं फूट-दीड फूट उंचीचीच घ्या. तीन-चार फुटांची मोठी झुडपं घेऊन लगेच हिरवी भिंत तयार करायचा मोह होतो, पण मोठ्या रोपाला पानं जास्त आणि गोळा तेवढाच, उन्हाळ्यात तेच आधी वाळते. लहान रोप दिवाळीपर्यंत त्याला गाठते, हे मी दर वर्षी पाहतो. दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर, आणि भिंतीपासून निदान दोन फूट लांब. सिमेंटची भिंत दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत गरम हवा फेकत राहते, भिंतीला चिकटून लावलेल्या रोपाला रात्रीही आराम नसतो.

नर्सरीत रोप निवडताना वरची पानं-फुलं पाहून भुलू नका. मालकाला विचारून एखादं रोप पन्नीतून हळूच बाहेर काढून पाहा. बाहेरच्या बाजूनं पांढरी, जिवंत टोकं असलेली मुळं दिसली तर चांगलं. तपकिरी जाड मुळं तळाशी गोल गोल वेटोळी घालून बसली असतील तर रोप पन्नीत फार जुनं झालं आहे, ते घेऊ नका. नाइलाजानं घेतलंच तर लावताना ती वेटोळी बोटांनी सोडवा, जी सुटणार नाहीत ती तळातून कापून टाका. तशीच लावली तर ती मुळं जमिनीतही गोलच फिरत राहतात आणि चार-पाच वर्षांनी वादळात झाड मुळापासून कलंडते.

अजून एक गोष्ट जी नर्सरीवाले सहसा सांगत नाहीत. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत बरीच शोभेची रोपं आंध्रातल्या कडियमच्या बाजूनं ट्रकनं येतात. तिकडची हवा दमट, आणि गोळा लाल चिकणमातीचा असतो. तो एकदा पूर्ण सुकला की विटेसारखा होतो, वरून कितीही पाणी टाका, ते बाजूच्या काळ्या मातीत जाते आणि गोळा आतून कोरडाच राहतो. तुम्ही म्हणता रोज पाणी देऊन राहिलो, आळं ओलं दिसते, आणि रोप मात्र तहानेनं वाळते. म्हणून असं रोप आणलं की लगेच लावू नका. आठ-दहा दिवस घराच्या पूर्वेला अर्धवट उन्हात ठेवा, मग लावायच्या दिवशी पन्नीसकट बादलीतल्या पाण्यात बुडवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत तसंच राहू द्या. मग बाहेर काढून निथळू द्या, पन्नी कापून पूर्ण काढा, आणि गोळ्याची बाहेरची लाल माती बोटांनी थोडी थोडी खरवडा म्हणजे मुळांची टोकं उघडी होऊन थेट तुमच्या मातीला लागतील. पन्नीला फक्त भोकं पाडून लावायची पद्धत काही माळी करतात, ती चालवून घेऊ नका, समोर उभं राहून पन्नी काढायला लावा.

लावणी संध्याकाळी करा. गोळ्याचा वरचा भाग जमिनीच्या लेव्हलला किंवा इंचभर वर, खोडावर माती चढवायची नाही. आजूबाजूची माती पायानं धम्मधम्म तुडवू नका, हातानं दाबा आणि पाणी टाकून बसू द्या. पहिल्याच दिवशी एकदा खालपर्यंत भिजेल इतकं पाणी द्या, मग आळ्यात पालापाचोळा, सोयाबीनचं कुटार किंवा तणस तीन-चार इंच जाड पसरा, पण खोडापासून चार बोटं लांब ठेवा, नाही तर उधई सरळ खोडाला लागते. पश्चिमेच्या बाजूला ५० टक्क्यांची ग्रीन नेट बांधा, किंवा गावाकडून तुराट्या-पऱ्हाट्या मिळाल्या तर त्यांचा आडोसा करा. वरून पूर्ण झाकायची गरज नाही, दुपारी दोन ते पाचचं ऊन अडवलं तरी पुष्कळ.

पाण्याचं म्हणाल तर सगळ्यात जास्त नुकसान रोज संध्याकाळी पाइपनं मारलेल्या फवाऱ्यानं होते. वरची दोन इंच माती ओली होते, मुळं वरच राहतात, आणि एक दिवस चुकला की संपलं. सुरुवातीचे दोन आठवडे एक दिवसाआड, नंतर तीन-चार दिवसांनी, पण दर वेळी झुडपाला आठ-दहा लिटर, आळं भरून, हळूहळू. एप्रिलच्या मध्यानंतर परत एक दिवसाआडवर या. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्या मुरूमाच्या थरात पाणी लवकर जाईल, खालच्या काळ्या मातीत राहील, त्यामुळे आळ्यात बोट चार इंच खुपसून पाहणं हाच खरा नियम. दुपारी तीनला पानं मलूल दिसली तर घाबरू नका, मे मध्ये चांगली जुनी झाडंही मान टाकतात. सकाळी सहाला पाहा. सकाळी ताजी असतील तर सगळं ठीक आहे. सकाळीही मलूल आणि माती कोरडी असेल तर पाणी कमी पडतं आहे. सकाळी मलूल, पानं पिवळी, आणि माती ओली असेल तर मुळं गुदमरून राहिली, पाणी ताबडतोब थांबवा. या तिसऱ्या केसमध्ये बहुतेक लोक अजून पाणी टाकतात, म्हणून सांगतो.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना टाकायची आपल्याकडे सवय आहे, वाया कशाला घालवायचं म्हणून. पण कूलरमध्ये पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, बोअरचं पाणी असेल तर टाकीत पांढरा थर दिसतोच. ते नव्या रोपांना घालू नका, पानांच्या कडा जळतात. आरओचं वेस्ट पाणीही तसंच. अंगण धुवायला वापरा. नळाचं पाणी कमी असेल तर दोन रोपांच्या मध्ये तळाला बारीक भोक असलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भोकात सुताची वात घाला आणि दोन दिवसांनी भरत जा, हेजला हे छान चालते आणि कमी पाण्यात होते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे अवकाळी पाऊस आणि गारपीट होते, त्यात कोवळी पानं फाटली तर छाटणीची घाई करू नका, झुडपं सहसा परत फुटतात.

आता जुन्या घरचा मोगरा. त्याच्यासाठी वेळ थोडी उशिराची असली तरी अजून गेलेली नाही. मोगऱ्याची छाटणी थंडीच्या शेवटी करतातच, तर जमिनीपासून फूटभर ठेवून छाटा, आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी बुंध्याभोवती फूटभर त्रिज्येनं गोल खणून गोळा उचला, ओल्या पोत्यात बांधा आणि त्याच दिवशी नवीन खड्ड्यात लावा. या उन्हाळ्यात फुलं कमी येतील, पुढच्या वर्षी भरपूर.

पारिजातक तुम्ही लिहिलंय सहा-सात फुटांचा आहे, बुंधा मनगटाएवढा. एवढं झाड हलवायचं म्हणजे बुंध्याच्या दर इंच जाडीमागे दहा-बारा इंच व्यासाचा गोळा लागतो, म्हणजे तुमच्या झाडाला दोन-अडीच फुटांचा, आणि काळ्या मातीचा तेवढा गोळा चार माणसांना उचलत नाही आणि कोरडा असला की हातात फुटतो. नीट करायचं तर दोन-तीन महिने आधी अर्ध्या-अर्ध्या बाजूनं मुळं कापून तयारी करावी लागते, तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. मार्चमध्ये उपटून आणला तर तो मे काढेल असं मी म्हणणार नाही. घरमालकाशी बोला, त्यांना झाड ठेवायला आवडत असेल तर तिथेच राहू द्या. त्याच्या खाली चपट्या, गोलसर, वाळलेल्या बोंडांत बिया पडलेल्या असतात, आत दोन कप्पे असतात, त्या गोळा करून ठेवा आणि जूनमध्ये पेरा. त्याच झाडाचं पोर तुमच्या अंगणात येईल, आणि पारिजातक वाढीला हळू नाही, दोन-तीन वर्षांत सडा पडायला लागतो. घरच्यांचा जीव त्या झाडात आहे हे तुमच्या लिहिण्यावरून कळतं, म्हणूनच ते अर्धमेलं आणण्यापेक्षा बियांतून आणा असं सांगतो.

राहिलं संत्रं. नागपुरात घर आणि संत्रं नाही हे मनाला पटत नाही, मला कळते. पण संत्र्याला साचलेलं पाणी सहन होत नाही, मुळं कुजतात आणि बुंध्यातून डिंक गळायला लागतो, शेतकरी त्याला डिंक्या म्हणतात. त्यामुळे वरची पाण्याची टेस्ट संत्र्याच्या जागेवर नक्की करा, आणि निकाल चांगला आला तरी उंचवट्यावरच लावा. बियांचं रोप घेऊ नका, जंभेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेलं कलमच घ्या, डोळा म्हणजे कलमाचा जोड जमिनीपासून अर्धा फूट तरी वर असलेलं, आणि लावताना तो जोड मातीत जाऊ देऊ नका. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमं तयार करतात, तिथे उन्हाळ्यातच चौकशी करून ठेवा कारण पावसाळ्यात मागणी खूप असते. लावल्यावर पावसाच्या आधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावायची, १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी हे प्रमाण, प्लास्टिकच्या भांड्यात दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे. एका झाडाला याच प्रमाणात थोडीशीच करा. लावल्यावर चार-पाच वर्षं फळाची घाई करू नका.

बाकी दोन झाडांसाठी बहावा आणि कांचन मला तुमच्या प्लॉटला योग्य वाटतात, दोन्ही आकारानं आवरतात. कडुनिंब हवा असेल तर घरापासून १५-२० फूट लांब, काळ्या मातीत मोठं झाड भिंतीजवळ असलं की ते उन्हाळ्यात पायाखालची ओल शोषते, माती आकसते आणि भिंतीला तडे जातात. वड, पिंपळ, उंबर प्लॉटमध्ये नकोच.

तर सध्या या रविवारी फक्त झाडांचे तीन खड्डे घ्या आणि दोनदा पाणी भरून पाहा, हेजची रोपं पुढच्या आठवड्यात आणली तरी चालेल, त्यापेक्षा उशीर मात्र नको. दुसऱ्या भरावानंतर सकाळी कोणत्या खड्ड्यात किती इंच पाणी उरलं आणि दुपारी तीनला तिथे ऊन असते की सावली, एवढं लिहून कळवा, मग कोणतं झाड कुठे ते ठरवू.